खानेसुमारीत आमची पणजी कुठे आहे?

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले तेव्हा गावातील प्रत्येक घराण्याकडून दोन पानांचा कुलवृत्तान्त मागविण्यात आला. वसई तालुक्यातील आमचे गाव फार मोठे नाही. तरीही पुष्कळ वृत्तान्त जमा झाले. संपादक मंडळात आम्हीही होतो. ते कागद वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि ती अजून मनातून जात नाही. कोणी आपला वंश पोर्तुगीज सरदारापर्यंत नेला होता, कोणी वेदपाठी ब्राह्मणापर्यंत, कोणी किल्ल्यावरच्या अंमलदारापर्यंत. शेतमजुरापर्यंत, मासे विकणाऱ्या बाईपर्यंत किंवा दुष्काळात घर सोडून आलेल्या माणसापर्यंत एकानेही नेला नव्हता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली ती मराठ्यांनी घेतली. ह्या दोनशे पाच वर्षांत इथे भात कोणी लावले, मीठ कोणी पिकविले आणि पानमळ्यांना पाणी कोणी दिले, हे कोडे आमच्या स्मरणिकेपुरते तरी सुटण्यासारखे नव्हते.

दुसऱ्यांच्या कागदांवर हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमच्याच घरातून आलेल्या वृत्तान्तात आमच्या पणजीविषयी एकच वाक्य होते: 'त्यांच्या पत्नी परगावच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील होत्या.' नाव नाही, गाव नाही, जन्म नाही, मृत्यू नाही. ती कोण होती हे शोधावे असे आम्ही ठरविले. त्या शोधात जे सापडले आणि जे सापडले नाही, त्यावरून आम्हांला दोघांशी भांडावयाचे आहे: एक सरकारशी आणि दुसरे आपल्या स्वतःशी.

आधी सरकारविषयी.

माणूस शोधावयाचा तर शिरगणतीत शोधावा, असे कोणालाही वाटेल. जुन्या मराठीत तिला खानेसुमारी म्हणत. हिंदुस्थानात १८७२ च्या सुमारास पहिली, काहीशी विस्कळीत खानेसुमारी झाली; सर्व देशात एकाच वेळी अशी पहिली १८८१ साली झाली आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. आमच्या पणजीच्या हयातीत १८८१, १८९१, १९०१ आणि १९११ अशा चार खानेसुमाऱ्या झाल्या. चार वेळा सरकारचा माणूस तिच्या दारात उभा राहिला असेल. बहुधा गावचा तलाठी, नाही तर शाळामास्तर. आधी काळ्या शाईने घरोघरची पत्रके भरून ठेवायची आणि ठरलेल्या रात्री पुन्हा फेरी मारून मेलेल्यांची, जन्मलेल्यांची, आल्यागेल्यांची दुरुस्ती तांबड्या शाईने करायची, अशी ती रीत होती. रात्रही विचारपूर्वक निवडत: चांदणे असावे, मोठी जत्रा नसावी, लग्नांची तिथी नसावी. १९११ साली ही रात्र १० मार्चची होती. पत्रकात नाव, धर्म, विवाहित की विधवा, वय, जात, धंदा, भाषा, जन्माचा जिल्हा, अक्षरओळख, इतकेच नव्हे तर आंधळेपण आणि बहिरेपणसुद्धा विचारीत. म्हणजे त्या रात्री कोणा मास्तराने कंदिलाच्या उजेडात आमच्या पणजीचे नाव लिहिले होते. तिने आपले वय अंदाजाने सांगितले असेल आणि त्याने ते अंदाजानेच लिहून घेतले असेल.

ते पत्रक आज कुठे आहे? ते नाही. हरवलेले नाही, आगीत जळालेले नाही, पुरात वाहून गेलेले नाही. आकड्यांची कोष्टके तयार झाली आणि काम संपले म्हणून अशी पत्रके नष्ट करण्यात आली. ग्रंथालयात खानेसुमारीचे जाडजूड अहवाल आहेत. ते आम्ही काढून पाहिले. मुंबई इलाख्याच्या कोष्टकात धर्म 'ख्रिस्ती', लिंग 'स्त्री', स्थिती 'विधवा', वय पस्तीस ते चाळीस, असा एक रकाना आहे. त्या रकान्यात एक आकडा आहे. त्या आकड्यातील एक एकक म्हणजे आमची पणजी. धंद्यांच्या वर्गवारीत सुइणी, देवी टोचणारे, कंपाउंडर आणि परिचारिका ह्यांचा एकत्र गट केलेला आहे. तिथेही ती असेल. ह्यापेक्षा अधिक जवळ हे सरकारी दप्तर आम्हांला तिच्यापाशी जाऊ देत नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी कागद सांभाळण्याची दृष्टीच नव्हती. हे खरे नाही, आणि ते खरे नाही ह्याचा पुरावा त्याच सरकारने ठेवला आहे. १० मार्च १९११ नंतर बरोबर तेवीस दिवसांनी, २ एप्रिल १९११ रोजी, इंग्लंडमध्ये खानेसुमारी झाली. राजा तोच, साम्राज्य तेच, वर्ष तेच. तिकडे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हस्ताक्षरात भरलेला कागद जपून ठेवण्यात आला, आणि आज कोणीही तो पाहू शकतो. लंडनच्या चांभाराचा, खाणकामगाराचा, मोलकरणीचा नातू आपल्या आजोबांची सही पाहून येतो. त्या साली स्त्रियांना मताधिकार नाही म्हणून तेथील अनेक स्त्रियांनी खानेसुमारीवर बहिष्कार घातला होता. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही बाई त्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीत एका कपाटात लपून बसली होती. तिचीही नोंद सापडते! आपल्याला मोजू नये म्हणून जी लपली ती कागदावर राहिली; आणि जी निमूटपणे दारात उभी राहून आपले नाव सांगत होती तिचे नाव रद्दीत गेले.

इंग्लंडमध्ये अशी पत्रके शंभर वर्षे बंद ठेवून मग खुली करण्याचा प्रघात आहे. त्याप्रमाणे १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत बहात्तर वर्षांची आहे. तेथील १९५० ची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पत्रके काही सरकारी हुकुमाने आणि काही १९२२ च्या आगीत गेली. म्हणूनच की काय, वाचलेली १९०१ ची आणि १९११ ची पत्रके त्या देशाने सर्वांना विनामूल्य पाहावयास ठेवली आहेत. इंग्लंडची १९३१ ची पत्रके १९४२ मध्ये आगीत भस्म झाली, त्याची हळहळ तेथील अभ्यासक अजून व्यक्त करतात. आपल्याकडे हळहळ करावी असे कोणाला वाटतही नाही. आपण प्रजा होतो, आणि प्रजेची संख्या हवी असते, नावे नव्हेत.

परक्या सरकारला आम्ही एकवेळ क्षमा करू. परंतु स्वराज्य आल्यावर काय झाले? १९४८ साली आपण खानेसुमारीचा कायदा केला. त्याच्या पंधराव्या कलमाने खानेसुमारीची पत्रके कोणालाही पाहता येत नाहीत आणि ती पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाहीत. जिवंत माणसाच्या बाबतीत हे कलम अगदी योग्य आहे, आणि ते ढिले करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ह्या कलमाला अंत नाही. माणूस मेला, त्याची मुले मेली, नातवंडे म्हातारी झाली, तरी हे कुलूप उघडत नाही. आणि पत्रकच उरणार नसेल तर कुलूप तरी कशाला लावायचे? राजेरजवाड्यांच्या बखरी आहेत, इनामदारांच्या सनदा आहेत, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या आहेत. ज्याच्याजवळ ह्यांपैकी काहीही नव्हते त्याचे नाव सरकारदरबारी दहा वर्षांतून एकदा तरी लिहिले जात होते, आणि नेमका तोच कागद आपण टाकून देतो.

ह्यावर एक आक्षेप आहे. तो गंभीर आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा की नावनिशीवार याद्या ठेवणे धोक्याचे असते. हॉलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार टापटिपीच्या होत्या, धर्मासकट. नाझींच्या हाती त्या पडल्यावर ज्यू घरे शोधून काढणे सोपे झाले. म्हणूनच २७ मार्च १९४३ रोजी तेथील प्रतिकारकांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून ते पेटवून दिले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या देशात १९५१ च्या खानेसुमारीच्या चिठ्ठ्यांवरून नावे उतरवून नागरिकांची नोंदवही तयार करण्यात आली होती. आसामात हीच नोंदवही आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्या आधाराला घेऊन नवी नोंदवही करण्यात आली. प्रत्येकाने त्या जुन्या कागदांत आपला पूर्वज दाखवायचा आणि मग त्या पूर्वजाशी आपले नाते दुसऱ्या कागदाने जोडायचे. त्यावर वंशवृक्षाची पडताळणी. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी लागली तेव्हा ३ कोटी ३० लाखांहून अधिक अर्जदारांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ माणसे तिच्या बाहेर राहिली.

ह्या प्रकरणात सर्वांत जास्त हाल कोणाचे झाले असतील हे आमच्या पणजीच्या शोधानंतर आम्हांला वेगळे सांगावे लागले नाही. ते स्त्रियांचे झाले. ज्या मुलीचा जन्म कोठे नोंदला गेला नाही, जी शाळेत गेली नाही, जिचे लहान वयात दुसऱ्या गावी लग्न झाले आणि मतदारयादीत जिचे नाव प्रथम आले ते पतीच्या नावासह, तिने आपल्या बापाशी आपले नाते कोणत्या कागदाने सिद्ध करावे? अशा लक्षावधी स्त्रियांनी ग्रामपंचायतीचे दाखले आणले. २०१७ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते अग्राह्य ठरविले. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कडक पडताळणीच्या अटीवर ते पुन्हा ग्राह्य मानले. त्या दहा महिन्यांत त्या घरांतून काय चालले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेव्हा आक्षेपकाचे भय खरे आहे. परंतु त्यातून जो निष्कर्ष तो काढतो तो आम्हांला मान्य नाही. आसामात दोष जुनी नावे जपली ह्याचा नव्हता. दोष होता तो गरिबाने आपल्या बापाचा पुरावा आपणच आणावा ह्या अटीचा. आणि त्याहूनही, ज्यांची नावे लिहिली ती माणसे व त्यांची मुले हयात असतानाच ती नोंद त्यांच्याविरुद्ध वापरता आली ह्याचा. म्हणून आमचे म्हणणे असे की पत्रके जपावीत आणि शंभर वर्षे कुलूपबंद ठेवावीत. आणि ते कुलूप पोलिसाला, न्यायालयाला, कोणत्याही खात्याला, खुद्द सरकारलाही उघडता येऊ नये. शंभर वर्षांनी ती सर्वांना खुली व्हावीत. तेव्हा त्या नावांना कोणी तुरुंगात टाकू शकणार नाही, कोणी त्यांची घरे पेटवू शकणार नाही. फक्त त्यांची पणतवंडे त्यांना शोधू शकतील.

आणि कागद नसला म्हणजे गरीब माणूस सुरक्षित राहतो, हा तर निव्वळ भ्रम आहे. आमच्या महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी इतर मागास वर्गाच्या माणसाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा वा नोंदीचा पुरावा शोधावा लागतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कोतवाल बुके, जन्ममृत्यूचे गाव नमुने, शाळांचे जुने दाखले असे सारे दप्तर धुंडाळावे लागले, आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. त्या आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की ज्याच्या गावचे दप्तर वाचले त्याला पणजोबा मिळाला, आणि ज्याच्या गावचे दप्तर उंदरांनी खाल्ले त्याला तो मिळाला नाही. पूर्वज हा केवळ हौसेचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तहसील कचेरीच्या ओट्यावर एक दिवस बसून यावे.

असो. आता आपल्या स्वतःशी असलेल्या भांडणाकडे वळू.

सरकारी दप्तरात जी सापडली नाही ती पणजी आम्हांला चर्चच्या नोंदवह्यांत सापडली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक घातला; स्नानसंस्काराच्या आणि पुढे मृत्यूच्या वह्यांचीही प्रथा दृढ झाली. हेतू वंशावळीचा नव्हता. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये, एकाची दोन लग्ने होऊ नयेत, ह्यासाठी कोण कोणाचा कोण हे धर्मगुरूंना ठाऊक असणे आवश्यक होते. परंतु परिणाम असा झाला की राजाची नोंद आणि कुळवाड्याची नोंद एकाच वहीत, एकाच शाईने, एकाखाली एक पडू लागली.

आमच्या पणजीचा स्नानसंस्कार १८७६ साली झाला. नोंद पोर्तुगीज भाषेत आहे. आईचे नाव आहे. बापाच्या नावाच्या जागी दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ 'पिता अज्ञात'. आमच्या कुलवृत्तान्तातील प्रतिष्ठित घराणे ते हेच!

पुढे १८९३ सालची लग्नाची नोंद मिळाली. तीत एक ओळ अधिक होती: वधूवरांना तिसऱ्या पायरीच्या नात्याबद्दल सूट देण्यात आली आहे. त्या काळच्या मोजणीप्रमाणे तिसरी पायरी म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. बाप तर अज्ञात. तेव्हा हे नाते आईकडूनच असले पाहिजे. म्हणजे ती परगावची नव्हती, परकी नव्हती. आमच्याच आळीतील, आमच्याच रक्ताची मुलगी होती. ज्या कुटुंबाने तिच्या आईला दूर केले असेल त्याच कुटुंबातील एका तरुणाने तिच्याशी लग्न केले. आमच्या पणजोबांविषयी आमच्या घरी पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात, ही एकच सांगितली जात नाही.

पणजोबा १८९९ साली गेले. ती त्यावेळी तेवीस वर्षांची होती आणि आमचे आजोबा चार वर्षांचे. ह्यानंतर तिचे काय झाले हे आम्हांला कळले नसते. कारण वही माणसाच्या जन्माची, लग्नाची आणि मरणाची नोंद ठेवते, मधल्या जगण्याची नाही. परंतु स्नानसंस्काराची वही चाळताना तिचे नाव पुन्हा दिसले, आणि मग पुन्हा पुन्हा दिसू लागले. कधी धर्ममाता म्हणून. आणि कितीतरी ठिकाणी निराळ्या शेऱ्यात, की मूल मरणोन्मुख असल्यामुळे ह्या बाईने घरीच त्याला स्नानसंस्कार दिला. संकटकाळी कोणाही माणसाला हा संस्कार देता येतो, आणि सुइणींना तो कसा द्यावा हे मुद्दाम शिकविले जात असे. आमची पणजी सुईण होती. अठरा वर्षे तिने ह्या गावची मुले हातावर झेलली. ज्यांचे प्राण जाणार असे दिसले त्यांच्या मस्तकावर पाणी ओतून तिने त्यांना नाव दिले. त्यांतली काही जगली. त्यांच्या नोंदीखाली पुढे लग्नाचा शेरा आहे. ज्यांचे पूर्वज सरदार होते असे ते वृत्तान्त सांगतात, त्यांतल्या काही घरांचे आजोबा ह्या अशा नोंदीत आम्हांला भेटले.

१९१८ च्या ऑक्टोबरात मृत्यूच्या वहीचे अक्षर बदलते. ओळी घाईने लिहिलेल्या आहेत, एका दिवशी चार, एका दिवशी सहा. इन्फ्ल्युएन्झाची दुसरी लाट ती हीच. देशात त्या साथीने कोटीच्या वर माणसे नेली. आजच्या भारताच्या सीमांत मोजले तर १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ साली २५.१३ कोटी झाली. तेवढे एकच दशक असे गेले. खानेसुमारीच्या अहवालात ही तूट आहे. आमच्या वहीत ती तूट म्हणजे माणसे आहेत, आणि त्यांत एक ओळ अशी आहे: विधवा, वय सुमारे चाळीस, सुईण. आजारी घरांतून जाणे तिने त्या दिवसांत थांबविले नसावे असे आमचे मन सांगते. वही तेवढे सांगत नाही.

हे सर्व आम्ही दोन पानांत लिहून संपादक मंडळापुढे ठेवले. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी दुखावली. मंडळातील सहकाऱ्यांनी सौम्य शब्दांत सुचविले की सुईण असल्याचे राहू द्यावे, परंतु 'पिता अज्ञात' हे गाळावे. समारंभाच्या पुस्तकात अशी गोष्ट शोभत नाही. शेवटी दोन्ही गाळले गेले आणि प्रतिष्ठित घराणे छापले गेले. ह्या लेखातही आम्ही पणजीचे नाव लिहिलेले नाही, कारण घरच्यांना तसा शब्द द्यावा लागला. माणसाचे नाव जपावे म्हणून लेख लिहावा आणि त्यातच ते नाव लिहिता येऊ नये, ह्याची लाज आम्हांला आहे.

वाचकहो, सरकारने नावे रद्दीत टाकली असे आम्ही वर म्हटले. मग आपण काय केले? ज्या वह्यांनी आम्हांला पणजी दिली त्यांची अवस्था सांगतो. एका वहीचे पहिले चाळीसएक पान वाळवीने जाळीदार केले आहे. खाऱ्या हवेने शाई उडाली आहे. एक वही पूर्वीच्या एका महोत्सवाच्या वेळी कोणी अभ्यासासाठी नेली, ती परत आली नाही. दोन ठिकाणी पाने ब्लेडने कापलेली आहेत. कोणत्या घराच्या अब्रूसाठी, हे आता कधीच कळणार नाही. इतर धर्मग्रामांत ह्याहून बरी स्थिती असेल तर आनंदच आहे. परंतु आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या ह्या वह्यांची आठवण दोनच प्रसंगी होत आली: लग्नाचा दाखला हवा तेव्हा आणि परदेशी जाण्यासाठी कागद हवा तेव्हा. गोव्याकडील आमचे बांधव पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी आजोबांचा जन्मदाखला शोधतात; त्यांना दोष देण्याचे कारण नाही, पोटासाठी माणूस काहीही शोधतो. परंतु जो आजोबा पारपत्र देऊ शकत नाही, तो शोधावासाच वाटू नये काय?

आणि हे सर्व धर्मगुरूंवर ढकलून मोकळे होण्याची आपली सवयही आता पुरे. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात वह्या ठेवण्यास सांगते आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करण्यासही सांगते. ४९१ वे कलम त्यावर देखरेखीची जबाबदारी बिशपांवर टाकते. ४८७ वे कलम, आपल्या वैयक्तिक स्थितीसंबंधीच्या सार्वजनिक स्वरूपाच्या कागदाची प्रत मिळण्याचा हक्क संबंधितांना देते. नियम आहेत, मागणारे नाहीत. मंडपासाठी, रोषणाईसाठी, बँडसाठी वर्गणी गोळा करताना आपण प्रापंचिक किती उत्साही असतो! त्या वर्गणीच्या लहानशा हिश्श्यात सर्व वह्यांची छायाचित्रे निघाली असती, एक कोरडे पोलादी कपाट आले असते आणि दोन-चार तरुणांना जुनी पोर्तुगीज व लॅटिन अक्षरे वाचावयास शिकविता आली असती.

तेव्हा आमच्या मागण्या मांडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामाने वाचनासाठी खुल्या कराव्यात; त्याहून अलीकडच्या बंद ठेवाव्यात, कारण त्यांतील माणसांची मुले हयात आहेत. सरकारकडून आम्ही जे मागतो तेच आपल्या घरात आधी पाळले पाहिजे. जे लिहिले आहे त्यातले एकही अक्षर कोणाच्या अब्रूसाठी पुसू नये. घरोघरच्या म्हाताऱ्या आज आहेत, उद्या नसतील. त्यांच्याकडून माहेरची नावे, घरातली हाकेची नावे, कोण कोणाची धर्ममाता हे लिहून घ्यावे. वहीतल्या एकाच आडनावाच्या तीन 'मारिया' कोण कोणती, हे वही सांगत नाही, म्हातारी सांगते. आणि हे लक्षात ठेवावे की आपल्याकडे आडनाव सारखे म्हणून वंश एक असे होत नाही. आपल्या पुष्कळ पूर्वजांनी ते धर्मपित्याकडून किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूकडून घेतले. परेरा म्हणून पोर्तुगालात मूळ शोधणाऱ्याने आधी आपल्याच आळीची वही पाहावी.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे, आणि ती मागण्याची वेळ हीच आहे. २०२१ साली व्हावयाची शिरगणती महामारीमुळे राहिली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने ती आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. देशाच्या बहुतेक भागासाठी तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. ती संगणकावर होणारी पहिली शिरगणती आहे. कागद ठेवण्यास जागा नाही, ही सबब आता चालणार नाही. माणसामाणसाची नोंद पुसून न टाकता ती राष्ट्रीय अभिलेखागारात शंभर वर्षे कुलूपबंद ठेवावी, तिचा वापर कोणत्याही जिवंत माणसाविरुद्ध कोणालाही करता येऊ नये आणि २१२७ साली ती खुली व्हावी, एवढी दुरुस्ती १९४८ च्या कायद्यात करावी. ज्यांना भय वाटते त्यांनी कुलूप अधिक भक्कम करण्याची मागणी करावी. आम्ही त्यांच्या बरोबर असू. परंतु पत्रकच जाळून टाका असे म्हणू नये.

आमच्या घरातील वडीलधाऱ्यांशी आमचे बोलणे अजून चालू आहे. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढण्याचा विचार गावात आहे. तीत प्रतिष्ठित घराण्याचे ते वाक्य काढून टाकावे, पणजीचे नाव, तिच्या आईचे नाव आणि तिचा धंदा छापावा, आणि बापाच्या जागी वहीत जे आहे तेच असावे, अशी विनंती आम्ही लेखी केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.